बागेतले तीन वीर

जव्हारला दरबारच्या बांधकाम खात्यात मी कोठीवरचा कारकून होतो. पहारी, घमेली, दोरखंड, तंबूचे खुंट, चुन्याची पोती, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या, सगळं माझ्या ताब्यात. काय बाहेर गेलं, काय परत आलं, काय मोडून आलं, हे लिहून ठेवणं माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं. अजूनही मी यादी केल्याशिवाय बाजाराला निघत नाही. घरात त्यावरून हसतात. हसू देत. यादी करणाऱ्याच्या घरात मीठ संपत नाही.

माझा पाडा सूर्यमाळकडचा. चार इयत्ता शिकलो आणि डोंगर उतरून नोकरीला आलो. पाड्यावरचा दरबारच्या चाकरीत मी एकटाच, त्यामुळे बाजाराला आलेलं आमचं माणूस हमखास माझ्या ओसरीवर झोपायचं. माझी बायको कोणाला किती भाकरी लागतात हे तोंडपाठ सांगायची. तिला यादी लागत नसे.

पाड्याच्या वरच्या अंगाला उंबराखाली आमचा वीर होता. वीर म्हणजे फार पूर्वी लढताना पडलेला आमच्यातलाच एक माणूस, आणि त्याच्या नावाने उभा केलेला दगड. कोणाशी लढला, हे नीट कोणालाच सांगता येत नसे. माझी आत्या म्हणायची, गुरं चोरायला आलेल्यांशी. पाड्याचं देवाचं बघणारा भगत म्हणायचा, वाघाशी. त्यावरून भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. दिसायला तो शेंदराचा लाल गोळा. तेल आणि शेंदूर, त्यावर पुन्हा तेल आणि शेंदूर, आजोबांच्या आजोबांपासून चढत आलेलं. आत काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं आणि पाहावं असं कोणाला वाटलंही नव्हतं.

त्याचा एक नियम मात्र कडक होता. शेतात नवं तयार झालं, मग ती नागली असो, वरी असो की हळवं भात, पहिला घास वीराचा. त्याला वाढल्याशिवाय पाड्यावर कोणाच्याही चुलीवर नवा दाणा चढत नाही. ज्यांना आमच्याकडचे भादवा-आश्विनाचे दिवस माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवसांत जुनं धान्य संपलेलं असतं. लोक कडूकांदा उकडून, चकत्या करून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात आणि तो खातात. समोर शेत पिवळं झालेलं असतं. तरी खायला कोणी एक कणीस मोडत नाही. वीराचं झालं की त्याच दिवशी घराघरांतून नव्या भाताचा वास सुटतो, आणि त्या एका वासासाठी माणूस सगळा पावसाळा काढतो.

आमचे ओव्हरसियर देशावरचे. कामाला चोख, हिशेबाला सरळ, मजुरांवर हात न उगारणारे. मुंबईला एका बागेत त्यांनी हिरवळीवर मांडून ठेवलेल्या जुन्या मूर्ती पाहिल्या होत्या आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्या उन्हाळ्यात इंग्रज सरकारचे एजंटसाहेब भेटीला यायचे ठरलं. बाजाराच्या वाटेवर नवी बाग केली होती. तिच्या मधोमध काय असावं, यावर ओव्हरसियर म्हणाले की आपल्या रानात कोरीव दगड पडून आहेत, ते आणून उभे केले तर पाहुण्यांना दिसेल की इथेही पूर्वी कसबी कारागीर होऊन गेले. विचार वाईट नव्हता. फक्त दगड पडून नव्हते. उभे होते.

तीन दगड आणायचे ठरलं. एक जामसरचा, एक दाभोशाचा आणि एक आमचा. मला त्या दिवसांत तंबूंचे बांबू गोळा करायला मोखाड्याला पाठवलं होतं, म्हणून पुढचं मला आत्याकडून कळलं. माझी आत्या पाड्यावरचं बायकांचं सगळं बघायची. लग्नात हळद कोणी कुटायची इथपासून नव्याच्या दिवशी कोणी काय आणायचं इथपर्यंत तिचाच शब्द. मुकादम दगड न्यायला आला तेव्हा तिने त्याला एकच अट घातली. पाहुणे गेले की वीर घरी, आणि तेही नव्याच्या आधी. मुकादम हो म्हणाला. तेव्हा पाड्याने वीराला पाहुणचाराला जाणाऱ्या माणसासारखं पाठवलं. कोऱ्या फडक्यात गुंडाळलं, बांबूंच्या शिडीवर बांधलं, चार-चार जणांनी खांदे बदलत गाडीवाटेपर्यंत नेलं. बायका मागून पाणी शिंपडत आल्या.

मी मोखाड्याहून परतलो तेव्हा बागेच्या मधोमध चुन्याच्या ओट्यावर तीन काळे दगड ओळीने उभे होते. सोड्याचं कढत पाणी आणि नारळाच्या शेंड्या लावून घासले होते, आणि जिथे शेंदूर निघेना तिथे छिन्नी मारली होती. लाल पापुद्रे कवचासारखे निघून आले होते. बागेचा माळी जामसरचा. तो ते टोपलीत घेऊन हिंडत होता. मला म्हणाला, हे पायाखाली येईल असं कुठं टाकू? मी म्हटलं, विहिरीमागे जांभळाच्या बुंध्याशी ठेव. त्याने तसं केलं.

मी दगडांपुढे बराच वेळ उभा राहिलो. खोटं बोलत नाही, कोरीवकाम फार सुंदर होतं. खाली लढाई आणि गुरं, मध्ये मेलेल्याला हात धरून वर नेणाऱ्या बायका, त्यावर पिंडीपुढे हात जोडून बसलेला माणूस, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. पण हे तिन्ही दगडांवर होतं. तसंच्या तसं. गुरांचं एखादं शिंग कमी, एखादं जास्त. तिन्ही एकाच गाडीतळावर उतरवले, एकाच ठिकाणी धुतले आणि उंचीप्रमाणे मांडले. गाडीवानांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही लाल दगड आणले, हे काळे कोणाचे ते आम्हाला काय ठाऊक. कोणता दगड जमिनीत किती गाडलेला होता हे कोणी मोजलेलं नव्हतं, म्हणून उंचीवरूनही काही कळेना. बूड चुन्यात गेलं होतं.

ओव्हरसियरनी मला दगडांची यादी करायला सांगितली. उंची, रुंदी, कुठे टवका उडाला आहे ते. मी सवयीने गावाचा रकाना आखला. ते म्हणाले, तो खोडा, पाहुण्यांना गावाशी काय करायचं आहे. मी खोडला. भरायला माझ्याकडे तरी काय होतं?

एजंटसाहेब आले, दगडांपुढे थांबले, टोपी काढून पुढे वाकून पाहिलं, खूश झाले. पाहुणे गेले. मी ओव्हरसियरना आमच्या वीराची आठवण करून दिली तर ते म्हणाले की साहेबांना आवडले आहेत, आता ते बागेचे. आठवड्याभरात ओट्यापुढे पाटी लागली. शिळांना शेंदूर, तेल लावू नये, नारळ फोडू नये, फुले वाहू नयेत.

पावसाळा गेला. आश्विन लागला आणि एका संध्याकाळी पाड्याची माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसली. आत्या, भगत, आणखी काही बाप्ये आणि बायका. सुपात नवं भात, नागलीची कणसं, बाटलीत मोहाची. बायकोने आमच्याकडच्या जुन्या तांदळाची पेज केली ती सगळे प्यायले. नव्या सुपाला आत्याने कोणाला हात लावू दिला नाही.

मी त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं. मग माझ्या स्वभावाप्रमाणे उपाय सुचवायला लागलो. उंबराखालची माती इथे आणा. किंवा तिथे दुसरा एखादा दगड बसवा, शेंदूर लावा, भगताने मंत्र म्हणावा. काम भागेल.

आत्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझी बायको माहेरी गेली तर खांबाला लुगडं नेसवशील का रे?"

आत चुलीपाशी माझी बायको मोठ्याने हसली. मी उपाय सांगणं बंद केलं.

आत्याने मग सांगितलं की मागे पाड्यावर कोणी नवं चुलीवर ठेवलेलं नाही आणि ही माणसं परत जाईपर्यंत ठेवणारही नाही. भात झोडून कणग्यांत पडलं आहे. दोन घरांत बाळंतिणी आहेत, त्याही कडूकांद्यावर आहेत. ती तक्रार करत नव्हती. काय परिस्थिती आहे ते मला सांगत होती, जशी मी कोठीची सांगतो.

सकाळी आम्ही बागेत गेलो. किल्ली माझ्याकडेच असायची, कारण बागेचं सामानही कोठीचं. मी फाटक उघडलं. बाजाराचा दिवस होता, वाटेवरची माणसं थांबून बघू लागली.

माणसं ओट्यापुढे गेली आणि तिथेच थबकली. मी सांगितलं होतं तरी ते त्यांना खरं वाटलं नव्हतं. भगत प्रत्येक दगडापुढे बसला, डोळे मिटले, वाट बघितली. जे बाप्ये दगड खांद्यावरून घेऊन गेले होते ते मागून-पुढून फिरले, एकाने पाठीवर हात फिरवून वजन आठवायचा प्रयत्न केला. मग भगत उठला आणि म्हणाला, वीर बोलत नाय, सोड्यानं तोंड धुतलंय त्याचं. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात ओव्हरसियर आले. रोज सकाळी ते बागेतून चक्कर मारायचे. माणसं बघून त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट त्यांना वाटलं की आपण न्यायाने वागतो आहोत. म्हणाले, "ठीक आहे. तुमचा वीर कुठला तो दाखवा. ओळखलात तर त्याच्यापुढे काय वाढायचं ते वाढा, मी पाटी आड येऊ देणार नाही."

बाप्ये पुन्हा एका दगडाकडून दुसऱ्याकडे बघू लागले.

"एवढा तुमचा देव," ओव्हरसियर म्हणाले, "आणि तुम्हाला तो ओळखता येत नाही? मग तुम्ही पुजत काय होतात? शेंदूर?"

बघ्यांमध्ये कोणीतरी खीः करून हसलं. मला ते अजून आठवतं, कारण हसणारा आमच्यासारखाच डोंगरातला होता.

आत्याने सूप माझ्या हातात दिलं आणि पदर खोचला. "साहेब," ती म्हणाली, "तुमचा बाप हाय का?"

ते म्हणाले, नाही, वारले.

"त्यांचं आनि दुसऱ्या दोघांचं हाड धुऊन इथं मांडलं, तर तुमचा कंचा ते सांगाल?"

ओव्हरसियर दगडांकडे बघू लागले.

"नाय सांगता आलं तर ते तुमचे बाप नव्हते का? कातडं तुमी सोललंत आनि वळख आमाला विचारता." ती पाड्याच्या माणसांकडे वळली. "तिघांना वाढायचं. तिघांतला एक आपला हाय. बाकी दोन पाहुणे. पाहुण्याला जेवू घातल्यानं आपलं नवं बाटत नाय."

एवढं ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. कारण आता हे काम झालं होतं, आणि कामाची मला सवय आहे. ओव्हरसियर म्हणाले की हे चालणार नाही, एका दगडाची गोष्ट वेगळी होती, तिन्ही माखले तर बागेची शोभा काय राहिली, आणि कारकुनाने माणसं बाहेर काढून फाटक लावावं.

मी म्हटलं, "साहेब, किल्ली तुमची आहे. मागाल तेव्हा देईन. पण आज फाटक उघडं राहील."

एवढं सरळ मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. माणसं आतच होती आणि फाटक उघडंच होतं, त्यामुळे नुसती किल्ली घेऊन त्यांना काही करता येईना. ते बाजूला जाऊन उभे राहिले.

मग खरी अडचण आली. आधी कोणाला वाढायचं? परक्या वीराला आधी वाढलं आणि आपल्याला मागून, तर आपल्याचा अपमान. भगत आणि आत्या यांच्यात हळू आवाजात वाद सुरू झाला. भगताचं म्हणणं, मधला आपला वाटतो, मधल्यापासून करू. आत्या म्हणाली, वाटण्यावर माझा वीर उपाशी ठेवायचा नाय. मी म्हटलं, तीन पानं मांडा, तीन माणसं बसवा, एकदम वाढा. कोणीच आधी नाही, कोणीच मागून नाही. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेचे पैसे आज वसूल झाले.

सागाची तीन पानं आणली. मोहाची तीन द्रोणांत ओतली. भाताचे तीन वाटे केले, कणसंही सारखी वाटली. एका दगडापुढे आत्या, दुसऱ्यापुढे भगत, तिसऱ्यापुढे मी. आत्याने हूं म्हटलं आणि तिघांनी एकदम वाढलं. मग तिने शेंदूर काढला. पाटीकडे एकदा बघून, तिला वाचता येत नसे तरी तीत काय लिहिलं आहे ते मी सांगितलं होतं, तिने तिन्ही दगडांना अंगठ्याएवढा टिळा लावला. माझ्यापुढच्या दगडाचा टिळा गुरांवर आला, तिच्यापुढच्याचा चंद्रावर.

उठताना पाहतो तर जामसरचा माळी ओट्याशी उभा होता. हातात झारी तशीच. म्हणाला, त्यातला एक आमचा हाय, तुमी वाढलंत, आता आमच्या माणसांना सांगाया जातो. आणि झारी तिथेच ठेवून गेला. ओव्हरसियरनी त्याला हाक मारली नाही.

पाड्याची माणसं जेवायलाही थांबली नाहीत. आत्या म्हणाली, तिकडं चुली थांबल्यात. निरोप सांगायला सगळ्यांत वेगाने चालणाऱ्याला पुढे पाठवलं आणि बाकीचे त्याच्या मागे निघाले. मला नंतर कळलं की तो पोचला ती वेळ रात्रीच्या जेवणाची होती, आणि त्याने पाड्याच्या हद्दीवरूनच आरोळी दिली. त्या रात्री बाळंतिणींना नव्या भाताची पेज मिळाली.

दोन दिवसांनी जामसरकर आले. त्यांनीही तिघांना वाढलं. मग दाभोशाचे आले, ते तणतणत. आमच्या वीराला तुम्ही नागली घातलीत, तो भाताचा आहे, पोटात दुखलं असेल त्याच्या. मी म्हटलं, त्याला इतकी वर्षं कोणी नागली दिली नाही म्हणूनच त्याचं तोंड उतरलेलं होतं. ते हसले आणि त्यांनी तिघांना भात वाढला, आमच्यालाही. मला वाटतं आमच्या वीराने इतकं पोटभर कधी खाल्लं नसेल.

मला कोठीवरून काढून मोखाड्याच्या रस्त्याच्या कामावर पाठवलं. बायकोने दोन दिवसांत बिऱ्हाड बांधलं. ओसरीवरून उठताना ती म्हणाली की इथे झोपायला येणाऱ्यांना आता मोखाडा जवळ पडेल. ओव्हरसियरनी दगड पुन्हा घासायला सांगितले. माळ्याने हात दुखतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या माळ्याचाही हात दुखायला लागला. ओव्हरसियर स्वतः शेंडी आणि बादली घेऊन बसले आणि एकट्याने तिन्ही दगड स्वच्छ केले. त्यांचं कौतुकच वाटतं मला. काम दुसऱ्याने केलं नाही तर ते स्वतः करणारे होते.

पुढच्या वर्षी तिन्ही गावांनी मिळून एक दिवस ठरवला. निरोप मोखाड्याला माझ्याकडे आला, कारण पानं किती, द्रोण किती, कोणी कुठून निघायचं, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. मी बाजाराचाच दिवस सांगितला.

आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. आता किल्ली माझ्याकडे नव्हती. कोणी कुलपाला हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. माणसं फाटकापुढे वाटेतच बसली, सुपं मांडीवर घेऊन. तिन्ही गावांची. बाजाराच्या गाड्या मागे अडायला लागल्या. गाडीवान ओरडले, आत्या म्हणाली, बसा तुमीपण, आमचं झालं का जाऊ. एकाने बैल सोडले आणि तो खरंच येऊन बसला. भगताने घांगळी काढली, तार लावली आणि कणसरीचं, म्हणजे धान्याच्या आईचं, गाणं सुरू केलं. ते लांब असतं. त्याने मुद्दाम सुरुवातीपासून धरलं.

ऊन चढलं. कुणीतरी ओव्हरसियरना बोलावून आणलं. ते फाटकाच्या आतल्या बाजूला उभे राहिले आणि गजांतून माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठला तुमचा, कळलं का वर्षभरात?"

मी म्हटलं, "नाही साहेब. आता विचारतही नाही कोणी."

त्यांनी गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. ती बाजाराच्या वळणापर्यंत गेली होती. मग त्यांनी स्वतः कुलूप काढलं आणि फाटकाची दोन्ही दारं पूर्ण उघडली, अर्धवट नाही. आत्या सगळ्यांच्या पुढे होती. तिला ओट्यावर चढायचं होतं आणि हातात भरलेलं सूप. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि जवळ तेच उभे होते म्हणून सूप त्यांच्या हातांत दिलं.

"धरा," ती म्हणाली. "सांडू नका. नवं हाय."

ते सूप धरून उभे राहिले. आम्ही पानं मांडायला घेतली.